सांडलवंड न होता सूप, स्ट्यू पोचवायचं कसं? (झाकणापलीकडचे उपाय हवेत)

ओगराळं (धागाकर्ता)

पातळ पदार्थ दुसऱ्याच्या घरी न्यायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: "झाकण घट्ट लाव आणि सांभाळून ने." एवढ्याने भागत नाही म्हणून हा धागा. तीन प्रसंग देत आहे, उत्तरं शक्यतो आकड्यांनिशी द्यावीत.

१. ५ लिटर स्ट्यू, गाडीने ४० मिनिटं, पोचल्यावर लगेच वाढायचा. भांडं म्हणजे २४ सेमी व्यासाचं, १४ सेमी उंच स्टीलचं पातेलं. झाकण काचेचं, त्याला वाफेचं भोक.

२. १ लिटर सूप, पायी, सायकलने किंवा स्कूटरने १५-२० मिनिटं.

३. आजारी माणसाकडे दोन-तीन दिवस पुरेल असं काही, प्रवास पाच-सहा तासांचा.

भांडं कोणतं, किती भरायचं, गाडीत कुठे ठेवायचं, गरम न्यायचं की गार, सगळ्यावर लिहा.

---

समपातळी

आधी झाकण विसरा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं सांडलं की झाकण वाईट. खरं कारण बहुतेक वेळा भांड्याची रुंदी असते.

गाडीचा वेग बदलला की आतल्या रश्शाचा पृष्ठभाग तिरका होतो. किती, ते सरळ गणित आहे. नेहमीपेक्षा जरा जोरात ब्रेक लागला की वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाच्या तीन दशांश धरा. काठाशी रस्सा चढतो तो भांड्याच्या निम्म्या व्यासाच्या तीन दशांश. तुमचं पातेलं २४ सेमीचं, म्हणजे निम्मा व्यास १२ सेमी, चढ ३.६ सेमी. आता ५ लिटर त्यात ओतलं की ११ सेमी खोल होतं आणि वर जागा उरते ३ सेमी. म्हणजे पहिल्या ब्रेकलाच रस्सा झाकणाला भिडणार. हा चढसुद्धा पृष्ठभाग सावकाश कलला तर. ब्रेक अचानक लागला की लाट आणखी वर जाते, जवळपास दुपटीपर्यंत.

हाच स्ट्यू १६ सेमी व्यासाच्या, १६ सेमी उंच दोन भांड्यांत निम्मा निम्मा घाला. प्रत्येकात १२.४ सेमी खोली, वर ३.६ सेमी मोकळे आणि त्याच ब्रेकला चढ फक्त २.४ सेमी. झाकण तेच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. एका रुंद पातेल्यापेक्षा दोन अरुंद डबे बरे, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

पायी नेताना वेगळी भानगड असते. प्रत्येक भांड्यातल्या द्रवाचा हिंदकळण्याचा स्वतःचा ठेका असतो. २४ सेमीच्या पातेल्यात ११ सेमी रस्सा असेल तर तो ठेका सेकंदाला सुमारे १.९ हेलकावे असा येतो. माणूस चालतो तेही सेकंदाला दोनच्या आसपास पावलं टाकत. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा प्रत्येक पावलाचा धक्का लाटेला मिळत राहतो आणि लाट वाढत जाते. पातेलं दोन्ही हातांत धरून सावकाश चालणाऱ्याचंही सांडतं ते यामुळे. उपाय: पावलं मुद्दाम लहान आणि अनियमित टाकायची, किंवा दर आठ-दहा पावलांनी क्षणभर थांबायचं. थांबलं की लाट विरते.

(कॉफीच्या कपाबाबत हाच अभ्यास हॅन्स मायर आणि रुस्लान क्रेचेत्निकोव यांनी केला आणि २०१२ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण गणित अस्सल आहे.)

---

घट्टझाकण

समपातळी यांच्याशी सहमत, पण अर्धंच. वर जागा सोडा हा नियम सैल झाकणाच्या पातेल्याचा. रबरी किंवा सिलिकॉनची रिंग असलेल्या डब्याला तो लागू नाही, उलट तिथे जागा सोडणं हीच चूक. डबा जवळजवळ तोंडोतोंड भरला असेल तर द्रवाला हिंदकळायला मोकळा पृष्ठभागच उरत नाही. अर्धा भरलेला डबा आतून झाकणावर सतत थपडा मारत राहतो आणि रिंगेला जिथे जरा ढिलाई असेल तिथून पाझरतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथे शब्दशः खरं.

म्हणून क्लिपचा किंवा फिरकीचा डबा घ्यायचा तो बेताचा. १ लिटर सूप असेल तर १.१ लिटरचा डबा, २ लिटरचा नाही. वर फक्त १ सेमी मोकळं.

आणि डब्याची परीक्षा आधी घ्या. कोमट पाण्याने भरा, बाहेरून अगदी कोरडा पुसा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ५ मिनिटं उलटा ठेवा. मग एकदा आडवा, चारही बाजूंवर. कागदावर ओलीचा ठिपका कुठे उमटतो ते पाहा. पाणी कोमटच हवं. थंड पाण्याला न गळणारं प्लॅस्टिकचं झाकण गरम झाल्यावर मऊ पडून कोपऱ्यात उचललं जातं.

गळणाऱ्या डब्यांची कारणं, जशी वारंवार दिसतात त्या क्रमाने: रिंग धुवायला काढली आणि परत बसवताना पिळली गेली, रिंगेखाली भाजीचा तुकडा किंवा पानाचा बारीक कण अडकला, काठ तेलकट राहिला, डबा पूर्वी तापून वाकडा झाला. तेलकट काठाकडे कोणी लक्ष देत नाही. फिरकीच्या झाकणाच्या आट्यांवर तेल लागलं की तेच वंगणाचं काम करतं आणि गाडीच्या थरथरीने झाकण स्वतःहून सैल होतं. भरताना नरसाळं वापरा किंवा भरून झाल्यावर काठ आणि आटे आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. झाकण त्यानंतर.

---

ओगराळं

म्हणजे उकळता स्ट्यू सरळ क्लिपच्या डब्यात काठोकाठ भरून क्लिपा लावायच्या का?

---

वाफारा

मुळीच नाही!

गरम रस्सा बंद केला की वरच्या थोड्या हवेत वाफ भरते. ९० अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे सात दशांश असतो, ६० अंशाला जेमतेम एक पंचमांश. डबा स्थिर असताना ही वाफ हळू बनते. गाडीत बसलेले हिसके रस्सा ढवळतात, वाफ भरभर सुटते आणि अडकलेली हवाही तापून फुगते. बाहेरच्यापेक्षा दाब दहा टक्क्यांनी जरी वाढला तरी १० × १५ सेमीच्या झाकणावर सुमारे १५ किलोचा रेटा येतो. प्लॅस्टिकची क्लिप तेवढ्यापुढे टिकत नाही. झाकण एका कोपऱ्यात उचलतं, फुस्स होतं आणि वाफेबरोबर रस्साही बाहेर येतो.

पद्धत अशी: रस्सा भरा, झाकण नुसतं वर टेकवा, ५ ते १० मिनिटं थांबा. मग समोरासमोरच्या क्लिपा जोडीने लावा (शेजारच्या दोन आधी लावल्या की पलीकडची बाजू उचलली जाते). दोन मिनिटांनी एक क्लिप उघडून डब्याला एक ढेकर देऊ द्यायची आणि परत लावायची. डब्यात धरलेला रस्सा ७५-८० अंशांवर आला की पुढे दाब फारसा वाढत नाही, कमीच होत जातो.

प्लॅस्टिक असेल तर तळाचा त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गरम रस्सा सोसतं. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. ते ७० अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसतं. सूपला बाटली सोयीची दिसते म्हणून तीत गरम ओतू नका.

काचेची बरणी घेणार असाल तर ती आधी गरम पाण्याने विसळून तापवा आणि थंड ओट्यावर न ठेवता फडक्यावर ठेवून भरा. गार काचेत उकळतं ओतलं की तळ गोल कापल्यासारखा सुटतो.

---

दोन_ओळींत

पातेल्याच्या काठावर क्लिंग फिल्मचे दोन थर ताणून बसवा, त्यावर झाकण. झालं. एवढं कशाला?

---

वाफारा

झालं असतं, पण फिल्म ओल्या आणि तेलकट काठाला चिकटत नाही आणि खालून वाफ आली की फुग्यासारखी फुगून झाकणच वर उचलते. लावायचीच तर वाफ ओसरल्यावर, काठ कोरडा करून, पदार्थापासून वर राहील अशी लावा. गरम तेलकट रश्शाला फिल्म टेकू देऊ नये. ॲल्युमिनियमची फॉइल तर गळती रोखतच नाही, फक्त शिंतोडे अडवते.

कोणी मळलेल्या पिठाची वळी करून झाकण लिंपायला सांगतील, म्हणून आधीच लिहितो. ती वळी चुलीवर भाजून कडक झाली तर वाफ अडवते. कच्ची असेल तर वाफेने लिबलिबीत होते आणि कडक झालेली रस्त्याच्या हादऱ्याने तडकते. शिजवताना उत्तम, प्रवासात निरुपयोगी.

---

शिट्टी_तीन

प्रसंग १ साठी सगळ्यात सोपं भांडं स्वयंपाकघरातच असतं आणि कोणाला आठवत नाही: प्रेशर कुकर. झाकणाला रबरी गॅस्केट, खिटी बसवलेली, भांडं जाड आणि उंच. ५ लिटरला ७.५ लिटरचा कुकर घ्या, दोन तृतीयांश भरतो. घट्टझाकण यांचा तोंडोतोंडचा नियम मात्र इथे नको. झाकणात नळी आहे, तिच्यापर्यंत लाट पोचता कामा नये.

दाब असताना कुकर हलवायचा नाही. शिट्टी बोटाने उचलल्यावर फुस्स आवाज येईनासा झाला की मगच निघायचं. शिट्टी जागेवरच राहू द्या, नळीतून उडणारे शिंतोडे ती अडवते.

---

घट्टझाकण

कुकरला +१. तीन सावधगिरीच्या गोष्टी जोडतो.

शिट्टी असली तरी कुकर कलंडला तर नळीतून धार लागते, तेव्हा उभा राहील याची सोय हवीच. ज्या इलेक्ट्रिक कुकरांत दाब आल्यावर वर येणारी खुंटी असते, त्यांची ती खुंटी दाब नसताना खाली पडून भोक उघडं राहतं. तिथून सांडतं. त्या भांड्याचं झाकण प्रवासासाठी सुरक्षित धरू नये.

दुसरं, बंद कुकर गार होताना आत पोकळी तयार होते आणि झाकण हलत नाही. हिसके मारू नका, शिट्टी उचला, हवा आत गेली की सुटतं.

तिसरं महत्त्वाचं. प्रवासात नळीत आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला भाजीचा कण किंवा घट्ट रस्सा जाऊन बसतो. पुढच्या वेळी शिजवायला ठेवण्याआधी झाकण उजेडासमोर धरून नळी आरपार दिसते का ते पाहायचं, नसेल तर तारेने साफ करायची. हे राहिलं तर सांडण्यापेक्षा फार मोठा अपघात होऊ शकतो.

---

चुंबळ

आता गाडीत कुठे ठेवायचं ते.

सीटवर नाही. सीट मागच्या बाजूला उतरती असते. दहा अंशांचा उतार धरला तरी २४ सेमीच्या भांड्यात एका काठाशी रस्सा २ सेमी आधीच वर चढलेला असतो. वर सीट मऊ, म्हणजे प्रत्येक खड्ड्यागणिक भांडं डोलणार. मांडीवर तर कधीच नाही. ६० अंशांचा द्रव मोठ्या माणसाच्या कातडीला पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतो, ७० अंशांना सेकंदभर पुरतो, आणि गरम स्ट्यू अंगावरून पटकन निथळत नाही, चिकटून राहतो.

उत्तम जागा म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्यापैकी चालवणाऱ्याची नसलेली सीट, तिच्या मागची जमीन. खोका ठेवा आणि ती सीट खोक्याला टेकेपर्यंत मागे सरकवा. चालवणाऱ्याच्या पायांजवळ कोणतंही भांडं नको. घरंगळून पेडलखाली गेलं तर सांडण्याचा प्रश्नच दुय्यम होतो. मागच्या डिकीत ठेवायचं असेल तर सीटच्या पाठीला टेकवून, कारण जोराचा धक्का ब्रेकचा असतो आणि सामान पुढे धावतं.

खोक्याची रचना खालून वर: आधी रबरी जाळीची चटई किंवा ओलसर पिळलेला टॉवेल, म्हणजे खोका सरकत नाही. त्यावर काठ असलेला ट्रे. ४० × ३० सेमीचा, ३ सेमी काठाचा ट्रे साडेतीन लिटर सांडलेला रस्सा झेलतो. ट्रेमध्ये टॉवेल पिळून केलेली चुंबळ आणि तिच्यात भांडं. नुसत्या सपाट टॉवेलवर ठेवलेलं भांडं हिसक्याने सरकतं, चुंबळीत बसलेलं बूड हलत नाही. भांडं आणि खोक्याच्या भिंती यांत चार-पाच सेमी अंतर असेल अशा मापाचा खोका घ्या आणि ते अंतर गुंडाळलेल्या टॉवेलांनी दाबून भरा. भांड्याची उंची बुडाच्या रुंदीहून बरीच जास्त असेल तर टॉवेल वरपर्यंत हवेत, नाहीतर लवंडतं.

झाकण बांधायचं ते कानापासून कानापर्यंत. दोन सेमी रुंद इलॅस्टिक एका कानातून काढून झाकणाच्या मुठीला वेढा देत दुसऱ्या कानात. सुतळी चालते, पण ती सैल पडते. कान नसतील तर मोठं चौकोनी फडकं खाली तिरकं पसरून समोरासमोरची टोकं झाकणावर गाठवा, दोन्ही जोड्या. ही गाठ धरून भांडं उचलताही येतं.

धागाकर्त्याच्या झाकणाला भोक आहे. ते भोक गाडीच्या मागच्या बाजूला वळवून ठेवा. ब्रेकला रस्सा पुढे चढतो, गाडी निघताना मागे, आणि निघतानाचा धक्का ब्रेकपेक्षा बराच सौम्य असतो. भोकावर चौपदरी फडकं, चिकटपट्टी नको, वाफेने सुटते.

---

समपातळी

चुंबळ यांच्या प्रतिसादाला जोड: लांबट किंवा आयताकृती भांडं असेल तर त्याची लांब बाजू गाडीला आडवी ठेवा, म्हणजे ब्रेकच्या दिशेला कमी लांबी येते. फक्त रस्ता सगळा वळणावळणांचा असेल तर उलट करा. वळणावर रस्सा बाजूला धावतो, तेव्हा आडवी दिशा छोटी हवी.

रश्शावर बटर पेपरची भांड्याच्या मापाची गोल चकती तरंगत ठेवली तर बारीक लाटा दबतात. पाण्याने भरलेल्या बादलीत लाकडाची चकती टाकतात त्यातलाच प्रकार. मोठ्या ब्रेकला मात्र ती काही करू शकत नाही.

---

पायगाडी

प्रसंग २ कडे कोणी वळलंच नाही.

पायी जायचं असेल तर दोन्ही हातांत धरलेल्या पातेल्यापेक्षा वर कडी असलेला डबा किंवा किटली कितीतरी बरी. टांगलेलं भांडं लंबकासारखं झुलतं. धक्का बसला की भांडंच कलतं आणि रश्शाचा पृष्ठभाग भांड्याच्या तळाला जवळजवळ समांतर राहतो. हात सैल आणि सरळ ठेवायचा, मनगट आवळायचं नाही. गुडघ्याला लागू नये म्हणून शरीरापासून थोडं लांब. जिना आला की थांबून मगच पाऊल.

दुचाकीवर गंमत अशी की वळण हा प्रश्नच नसतो. दुचाकी वळताना आत कलते आणि तिच्याबरोबर कललेल्या भांड्यातला रस्सा भांड्याच्या दृष्टीने सपाटच राहतो. त्रास होतो तो ब्रेकचा आणि खड्ड्यांचा. स्कूटरच्या पुढच्या हुकला टांगलेली पिशवी झुलते ते ब्रेकसाठी चांगलं, पण ती हँडलला किंवा चाकाला लागणार नाही एवढीच लांब हवी.

पाठीवरच्या बॅगेत न्यायचं तर १ लिटरची एक बरणी नको, अर्ध्या लिटरच्या दोन घ्या. प्रत्येक स्वतंत्र झिपच्या पिशवीत, हवा काढून बंद. दोन्ही पाठीला टेकून मधोमध उभ्या, बाजूंनी कपडे कोंबलेले. सूप पाठीला सोसेल इतपतच गरम असावं, नाहीतर सरळ थर्मास.

---

तापमापी

थर्मासबद्दल. रुंद तोंडाचा घ्या, अरुंद तोंडाच्यात भाजीचे तुकडे अडकतात आणि बुडाचं कधीच नीट निघत नाही. आधी उकळतं पाणी भरून, झाकण लावून ५ ते १० मिनिटं ठेवा, मग ओतून टाका आणि लगेच खळखळ उकळतं सूप भरा. थंड थर्मासमध्ये भरलं तर पहिल्या काही मिनिटांतच भांडं बरीच उष्णता पिऊन टाकतं. भरायचं ते बुचाच्या खाली दीड-दोन सेमीपर्यंत. अर्धा भरलेला थर्मास लवकर गार होतो. काचेच्या आतल्या नळीचा असेल तर उघडण्याआधी हलवून काचेची खळखळ ऐकू येत नाही ना ते पाहा. आली तर सूप गाळून नव्हे, सगळं टाकूनच द्यायचं.

आता खरा मुद्दा. सगळे सांडण्याबद्दल लिहिताहेत, पण न सांडता पोचलेला पदार्थ बिघडलेला असेल तर काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे एकच तास. मोठ्या पातेल्यातल्या घट्ट रश्शात काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात आणि रस्सा कोमट होत असताना वाढतात. म्हणून "जरा कोमट झालं की नेऊ, म्हणजे सांडलं तरी भाजणार नाही" हा विचार घातक आहे. एक तर कडकडीत, नाहीतर फ्रिजमधून काढलेलं गार.

प्रसंग १ मध्ये ५ लिटर उकळता स्ट्यू टॉवेलांत गुंडाळून ४० मिनिटं नेला तर तो ६० च्या बराच वर राहतो. काळजी नको. प्रसंग ३ गरम न्यायच्या फंदात पडू नका.

---

लादी

प्रसंग ३ चं उत्तर: गोठवून. घन पदार्थ सांडत नाही, विषय संपला.

पण आधी थंड लवकर करावं लागतं. पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. अमेरिकेच्या अन्न नियमावलीत ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत अशी मर्यादा आहे. घरी ती पाळायची तर रस्सा पसरट ताटांत ५ सेमीहून कमी थरात ओता, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात उभं करून दर पाच मिनिटांनी ढवळा.

गार झालेलं झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा, थाळीवर आडवी ठेवून दोन-तीन सेमी जाडीची लादी करा. रात्रभरात गोठते. या लाद्या खोक्यात पुस्तकांसारख्या उभ्या लागतात आणि एकमेकींना गार ठेवतात. वर थर्माकोलचा किंवा इन्सुलेटेड खोका, उरलेली पोकळी कागदाने भरलेली. पिशवी दुहेरी हवी, गोठलेल्या प्लॅस्टिकच्या घडीला बारीक चीर पडते आणि ती वितळल्यावरच कळते.

डब्यात गोठवायचं तर पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. १ लिटरच्या डब्यात अडीच सेमी मोकळे ठेवा. खांदे असलेली काचेची बरणी गोठवू नका, फुगणारा बर्फ खांद्याला अडून बरणी फोडतो.

बटाटा गोठून रवाळ होतो, पास्ता लगदा होतो, क्रीम फाटतं, कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेला रस्सा वितळताना पाणी सोडतो. हे जिन्नस वेगळे द्या किंवा पोचल्यावर घाला.

आणखी एक, गोठवायला वेळ नसेल तेव्हाचा उपाय. हाडांचा अर्क बराच वेळ काढलेला असेल तर त्यातलं जिलेटिन फ्रिजमध्ये जेलीसारखं धरतं. असा रस्सा गार नेला तर हिंदकळतच नाही, बर्फाच्या पिशव्यांच्या मध्ये ठेवायचा.

---

दोन_ओळींत

पाणी कशाला वाहायचं? रस्सा निम्मा आटवून न्या, तिकडे उकळतं पाणी घाला. मीठ मात्र शेवटी.

---

तापमापी

@दोन_ओळींत, हा चांगला सुचवलात. ५ लिटरचा अडीच होतो, वजनही निम्मं. भाजीचे मोठे तुकडे आटवताना गळतात, म्हणून ते आधी झाऱ्याने काढून वेगळ्या डब्यात. तिकडे पाणी घातल्यावर सगळं एकत्र करून पुन्हा उकळी फुटली पाहिजे, नुसतं गरम झालं एवढ्यावर थांबू नये.

डब्यावर कागद चिकटवा: काय आहे, कधी केलं, आत दूध, शेंगदाणे किंवा गव्हासारखं कोणाला न चालणारं काही आहे का, आणि "उकळी येईपर्यंत गरम करा". फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. भांडं परत हवं नसेल तर तेही लिहा, आजारी घराला डबे धुऊन परत करायची चिंता नको.

---

पायगाडी

डोंगर चढून जाणाऱ्यांसाठी एक भर: हजार मीटर चढलं की बाहेरच्या हवेचा दाब दहा-अकरा टक्क्यांनी कमी होतो. पायथ्याशी बंद केलेला डबा वर जाताना फुगतो आणि क्लिप सैल असेल तर पाझरतो. वाटेत एकदा थांबून ढेकर. विमानात तर केबिनचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीइतका असतो, तिथे मऊ झाकणाचा डबा नकोच. हातातल्या सामानात सूप द्रवच धरलं जातं, आणि बऱ्याच विमानतळांवर मर्यादा १०० मिलीची आहे.

---

ओगराळं

सगळ्यांचे आभार. प्रसंग १ साठी १६ सेमीची दोन भांडी, चुंबळीसह. एकच राहिलं: पोचल्यावर बरणीचं किंवा थर्मासचं झाकण बसून गेलं तर काय करायचं? आतला रस्सा अजून गरम असेल तर?

---

घट्टझाकण

गरम भरून बंद केलेलं गार होताना आत पोकळी धरतं, म्हणून झाकण ओढलं जातं. जोर लावला की ते एकदम सुटतं आणि हाताच्या झटक्याने निम्मी बरणी ओट्यावर. बरणी सपाट जागेवर ठेवा, चपट्या चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली सरकवून हलकेच उचला. टक्‌ आवाज आला की हवा आत गेली, मग दोन बोटांनी फिरतं. ते जमलं नाही तर झाकणावर अर्धा मिनिट गरम पाण्याची धार. क्लिपच्या डब्यात चारही क्लिपा सोडून रिंगेची एक कड नखाने ओढा. थर्मासच्या बुचाला दाब सोडायचं बटण असेल तर आधी ते.

रस्सा अजून कडकडीत असेल तर उलट परिस्थिती, आत दाब आहे. गाडीतून उतरवल्यावर पाच मिनिटं हलवू नका. मग झाकण तोंडापासून दूर तिरपं करून पाव फेरी फिरवा, फुस्स थांबू द्या, नंतर पूर्ण.